ज्याचा रुमाल, त्याची सीट

मारोती मेश्रामांनी वर्धा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि एक कायदा कधी मोडू दिला नाही: ज्याचा रुमाल, त्याची सीट. मग तो खिडकीतून टाकलेला असो, नाहीतर पोराला आत ढकलून. भांडण लागलं की निकाल मारोतीकाका देत आणि त्यावर अपील नसे.

असा खंदा माणूस न्यूझीलंडात, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात मुलाच्या घरी येऊन सात वर्षं नुसता डिशवॉशर रिकामा करत होता. त्यामुळे सून धम्मदीना निवडणुकीच्या तिकिटासाठी उभी राहिली तेव्हा काकांना कोण आनंद झाला म्हणता! इथं तिकीट वरून येत नाही. एकाच पक्षाचे दोन इच्छुक हॉलमध्ये समोरासमोर वाद घालतात आणि हजर असलेले सभासद तिथल्या तिथे मत टाकतात. धम्मदीना पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर, तर समोरचा ब्रूस वीस वर्षं पक्षात मुरलेला. काकांनी समर्थक म्हणून नाव दिलं. इंग्रजी बेताचं, म्हणून एकच काम मिळालं: पुढच्या चाळीस खुर्च्या आपल्या लोकांसाठी धरून ठेवायच्या.

अहो, हे काम यांना सांगायचं म्हणजे काय! सँडरिंगहॅम भागातल्या देशी दुकानातून रुमाल आले, त्यांना कडक इस्त्री झाली, आणि साडेपाचलाच काकांनी हॉल गाठून चाळीस खुर्च्यांवर चाळीस रुमाल टाकले. पक्षाच्या सेक्रेटरीबाईंनी हे काय म्हणून विचारलं, तर छाती काढून म्हणाले, रिझर्व्ह. बाई गोड हसून पुढे गेल्या.

सव्वासहाला मुलाचा, प्रणयचा फोन आला. मोटरवेवर अपघात झालाय आणि ऑफिसातून निघालेली आपली सगळी मंडळी अडकलीत. काकांनी त्यालाच धीर दिला, घाबरू नको, रुमाल पडलेत.

पण पावणेसातला वेगळीच भानगड उपटली. हॉलमध्ये खुर्च्या एकशेवीस, आणि आगीच्या नियमामुळे खुर्ची नाही त्याला प्रवेश नाही. सातला दार बंद. बाहेर राहिला त्याचं मत गेलं. आणि बाहेर जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या गारठ्यात चाळीसएक माणसं उभी, बहुतेकांच्या कोटावर ब्रूसचा बिल्ला. सगळ्यात पुढे वॉकर धरून ऐंशीच्या घरातल्या एक आजी, मार्गरेट नावाच्या.

काकांच्या डोक्यात हिशेब फटकन जमला. रुमाल राहिले तर ही मंडळी बाहेर, आणि सूनबाई निवडून आली. उचलले तर चाळीस खुर्च्या ब्रूसच्या घशात. सेक्रेटरीबाईंनी येऊन विचारलं, तुमचे लोक कधी येतायत? आत्ता येतील, एवढंच म्हणायचं होतं. स्टेजवरून धम्मदीनाने अंगठा उंचावून त्यांना शाबासकी दिली. दीड वर्ष पोरगी नोकरी सांभाळून दारोदार फिरली होती.

बाहेर मार्गरेटबाई वॉकरचा एक हात सोडून बोटांवर फुंकर घालत होत्या. काकांनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली, कारण कायद्याला एक पोटकलम होतं. गाडी सुटायची वेळ झाली आणि रुमालवाला आला नाही, तर रुमाल उचलायचा आणि उभ्या माणसाला बसवायचं. याच कलमाखाली त्यांनी एकदा स्वतःच्या बायकोचा, शैलाचा रुमाल उचलला होता. ती आठ दिवस बोलली नव्हती.

काकांनी चाळीसच्या चाळीस रुमाल उचलले. मग दारात उभं राहून, पुढे सरका, पुढे सरका करत, चक्क मराठीत, एकेकाला बसवलं. मार्गरेटबाईंची खुर्ची गार लागत होती म्हणून एक रुमाल परत घालून दिला. सातला दार लागलं. सात दहाला काचेपलीकडे प्रणय आणि मंडळी धापा टाकत उभी राहिली, तेव्हा मात्र काकांनी कपाळाला हात लावला. पोरीचं तिकीट आपण आपल्या हातांनी घालवलं, दुसरं काय.

धम्मदीना बोलायला उठली. पुढे सगळे ब्रूसचे बिल्ले, दाराबाहेर नवरा, आणि भिंतीशी सासरे, छातीशी रुमालांची चळत धरून. तिने समोरचा कागद उलटा ठेवला.

"माझी चाळीस मतं दाराबाहेर उभी आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला ज्यांनी बसवलं ते माझे सासरे आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. वेळेवर आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवून मला निवडून यायचं नाही."

टाळ्या पडल्या, त्याही पुढच्या रांगांतून. त्यानंतर तासभर तिने फुटलेल्या पाइपांवरून ब्रूसला असं काही धुतलं की तो बिचारा पाणीच पीत राहिला.

धम्मदीना तीन मतांनी जिंकली. दार उघडलं, प्रणयची फौज आत घुसली, कुणीतरी जय भीम म्हणालं, कुणी माओरीत किआ ओरा, आणि काकांनी दोन्ही हातांत रुमाल घेऊन असं लेझीम धरलं की सेक्रेटरीबाईसुद्धा दोन पावलं नाचल्या. सुनेने गळ्यात पडून "बाबा, बाबा" एवढंच म्हटलं. काका ढसाढसा रडले आणि नाचायचे काही थांबले नाहीत.

शेवटी रुमाल मोजले तर एकोणचाळीस. चाळिसावा मार्गरेटबाईंच्या मुठीत होता. काकांनी हात पुढे केला, तर बाईंनी कोटावरचा ब्रूसचा बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि रुमाल नीट पसरून पुन्हा आपल्या खुर्चीवर घातला.

नोव्हेंबरात निवडणूक झाली की विजयाची पार्टी इथेच होईल, त्या म्हणाल्या, तेव्हा ही खुर्ची माझी.

काकांनी घड्याळावर बोट ठेवलं. "ऑन टाइम," ते म्हणाले.