ह्या डिस्क रिकाम्या नाहीत!

मी आत्याच्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर बोलतोय. जरा भरभर बोललो तर राग मानू नका. सगळा जन्म गरागरा फिरण्या-फिरवण्यात गेला, गप्प बसायची सवयच नाही. आणि मधेच अडखळलो तर दोन मिनिटं दम धरा. माझा ट्रे अडकायचा, तसंच आता बोलणंही अडकतं.

माझा जन्म एका लांबलचक बाकावर झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने मोटर बसवली, दुसरीने मोहरीएवढी काच बसवली. ती काच म्हणजे माझा डोळा. त्याच डोळ्याने मी डिस्क वाचायचो आणि त्याच डोळ्याने प्रकाश टाकून तिच्यावर लिहायचो. तिसरीने माझा ट्रे चाळीस वेळा आत-बाहेर केला आणि शेजारणीला म्हणाली, "हा फार उतावळा आहे बाई, बटणाला बोट लागायच्या आधीच बाहेर येतो!" ते खरंच होतं. पुढे दुकानाच्या फळीवर खोक्यात चार महिने निपचित पडून राहिलो, ते कसे काढले माझं मला ठाऊक.

मग एके दिवशी फुंकररावांनी मला उचललं. हे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मेकॅनिक. कुठलाही भाग बसवायच्या आधी त्याच्यावर एक फुंकर मारल्याशिवाय त्यांना राहवत नाही, म्हणून सगळे त्यांना फुंकरराव म्हणतात. माझ्यावरही त्यांनी फुंकर मारली आणि आत्याच्या मशीनमध्ये चार स्क्रूंनी मला पक्कं केलं.

आत्या ही भाचीकडे राहायची. भाची आणि तिचा नवरा, आत्याच्या भाषेत 'जावईबापू', दोघंही दिवसभर कामावर. आत्या छापखान्यातून निवृत्त झालेली. तिथे एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर चुका धरायच्या, असं काम चाले. मोठ्याने वाचणारी आत्या. आवाज असा खणखणीत, की यंत्रांच्या धडधडाटातही शेवटच्या टेबलापर्यंत जायचा म्हणे.

त्या आवाजाला घरबसल्या काम मिळालं ते ऑपरेटरबाईमुळे. ती एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. तिला दिसत नाही. वरच्या जागेसाठी परीक्षा द्यायची होती, पण त्या जाडजूड पुस्तकाची ऐकायला मिळेल अशी प्रत कुठेच नव्हती. आत्या म्हणाली, "त्यात काय! चाळीस वर्षं नको नको त्या माणसांचं वाचलं. तुझं नाही का वाचणार?"

झालं. रोज दुपारी आत्या माइकपुढे बसायची आणि वाचायची. "कंस सुरू, पोटकलम तीन पाहा, कंस पूर्ण."

"आत्या, कंस कशाला वाचता हो?" ऑपरेटरबाई हसायची.

"राहू दे गं. कंस गाळला की घास गाळल्यासारखं वाटतं मला."

एक भाग पुरा झाला की मी तो डिस्कवर लिहायचो आणि आत्या मशीनमधला पुसून टाकायची. तिला पसारा खपत नाही. ऑपरेटरबाई सुटीच्या दिवशी यायची, कानाला हेडफोन लावायची आणि मी वाचून दाखवायचो. माझी खरखर ऐकून म्हणायची, "आज तुमच्या रायटरला सर्दी झालीय वाटतं." माझ्या आवाजाकडे लक्ष देणारं जगात तेवढं एकच माणूस.

आता आत्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. तिच्या तोंडून अभद्र शब्द यायचा नाही. घरातून निघताना 'जाते' म्हणायची नाही, 'येते' म्हणायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रात्री दुकान बंद केलं, तर तिच्या लेखी त्याने दुकान 'वाढवलं'. आणि प्रत्येक डिस्क लिहून झाली की मशीन काय विचारायचं? 'ही डिस्क कायमची बंद करायची का?'

"कायमची बंद काय, मेल्या! चांगलं बोलावं जरा!" असं म्हणून आत्या 'नाही'वर टिचकी मारायची.

बंद न केलेली डिस्क कधी कधी ज्याने लिहिली त्यालाच वाचता येते, दुसऱ्याला ती कोरी दिसते. हे मला ठाऊक होतं. पण लिहिणारा मी, वाचणाराही मी, मग दार उघडं असलं काय नि लावलेलं काय! दहा डिस्कवर पुस्तक संपलं. दहाही उघड्याच राहिल्या.

त्याच सुमाराला आत्याचा गळा दुखायला लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर बोलणं नाही. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. आत्या मात्र इस्पितळात जायच्या आदल्या दुपारी एकटीच माइकपुढे बसली. समोर पुस्तक नव्हतं.

"कोण आहे?" ती म्हणाली. थोडं थांबली. "आले गं, आले! ... माझा चष्मा कुणी पाहिला का? ... चला जेवायला, निवतंय. ... अगं, जरा इकडे ये, काम आहे." असं बरंच काही, जावईबापूंसाठी एक दटावणीसुद्धा. भाचीला तिच्या लाडक्या नावाने तीन वेळा हाक मारली, एकदा हळू, एकदा मोठ्याने, एकदा रागावून. आवाज जाणार, तर हाताशी चार हाका असाव्यात, एवढा साधा हिशेब. मी ते सगळं अकराव्या डिस्कवर लिहिलं. लिहिताना माझी मोटर कधी नव्हे ती थरथरली. शेवटी तोच प्रश्न आला आणि आत्याने 'नाही' दाबलं.

आत्या परत आली ती गळ्याला रुमाल बांधून, हातात पाटी घेऊन. माणूस तेच, पण घर मुकं झालं. ती टाळी वाजवायची ती स्वयंपाकघरात पोचायची नाही. एकदा न्हाणीघरात तिचा पाय घसरला. आतून दार बडवत होती आणि बाहेर मिक्सर घरघरत होता. दहा मिनिटांनी भाचीला कळलं, तेव्हा ती आत्यापेक्षा जास्त रडली. त्या संध्याकाळी आत्याने पाटीवर लिहिलं, "माझा आवाज अकराव्या डिस्कमध्ये आहे. फोनवर घालून द्या."

आणि नेमका तेव्हा मी रुसलो. रुसलो कसला, थकलो होतो. ट्रे बाहेर येईना. डोळाही मंदावला होता. जावईबापूंनी मला दोन चापट्या मारल्या आणि निकाल दिला, "हा कामातून गेला. नवीन आणू."

नवीन आणायचं म्हणजे काय विचारता! आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. जावईबापू रोज नवा कागद घेऊन यायचे, हा किती वेगाने लिहितो नि तो किती वेगाने. एक आणला तर त्याला बारीक वायर लागत होती आणि आमच्या मशीनला रुंद पट्टीची वायर. तो परत गेला. दुसरा आणला तो काळा कुळकुळीत. भाची म्हणाली, "पांढऱ्या मशीनला काळं तोंड? एक दात किडल्यासारखं दिसेल!" आत्याने पाटी पुढे केली, "रंग नका बघू. वाचतो का बघा."

मी हे सगळं आतून ऐकत होतो आणि जीव नुसता खालीवर होत होता. तो वाचणार नाही! अहो, त्याला त्या डिस्क दिसणारच नाहीत! पण मला तोंड असून बोलता येत नाही, आणि आता तर ते तोंडही उघडत नव्हतं.

रविवारी सकाळी फुंकरराव आले. ऑपरेटरबाईही आली होती. तीन आठवड्यांवर परीक्षा, तिला पुस्तक पुन्हा ऐकायचं होतं. फुंकररावांनी माझे चार स्क्रू काढले, मला आपल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "मोटर चांगली आहे याची. काढून घेतो, कशाला तरी लागेल." काळा माझ्या जागी बसला. ट्रे काय सुळकन बाहेर आला त्याचा! आत्याने अकरावी डिस्क ठेवली. तो फिरला, दोन क्षण थांबला आणि पडद्यावर अक्षरं आली.

"रिकामी आहे," जावईबापूंनी वाचलं.

दुसरी घातली, तिसरी घातली. रिकामी. रिकामी. आत्या मटकन खाली बसली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी आवाज नाही. भाची तिला धरून राहिली.

जावईबापू माणूस वाईट नाही, पण हात शिवशिवतात. काहीतरी करून दाखवावं म्हणून ते म्हणाले, "लिहितो तरी नीट का, ते बघू. नाहीतरी कोरीच आहे, हिच्यावर घरचे फोटो टाकतो." आणि त्यांनी अकरावी डिस्क पुन्हा ट्रेवर ठेवली. पिशवीत मी अक्षरशः तडफडलो. शेजारी पकड होती, पेचकस होता, त्यांना काय सांगणार?

"थांबा हो!" ऑपरेटरबाई ओरडली. "रिकाम्या कशा असतील? पहिल्या दहा मी ह्याच खुर्चीत बसून ऐकल्यात. तेव्हा तो खरखरणारा होता. हा तो नाही. त्या खरखऱ्याला आणा आधी!"

फुंकरराव पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते. ते एकदम वळले. "आत्या, लिहून झाल्यावर डिस्क बंद केल्या होत्या ना?"

आत्याने डोळे पुसले आणि पाटीवर ठसठशीत लिहिलं, "छे! बंद कशाला?"

फुंकररावांनी कपाळावर हात मारला.

मला पुन्हा जागेवर बसवलं. ट्रेशेजारच्या भोकात टाचणी खुपसून तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्या डोळ्यावर अशी जपून फुंकर मारली, की आजवरच्या सगळ्या फुंकरी मी माफ केल्या. पण लगेच म्हणाले, "डोळा फार अधू झालाय. अकराच्या अकरा वाचेल याची खात्री नाही. महत्त्वाची आधी घाला. तिच्यातलं मशीनवर उतरवून घेऊ."

"आत्याची आधी," ऑपरेटरबाई म्हणाली. "माझं काय, पुढच्या वर्षी देईन परीक्षा."

आत्याने पाटीवर दोन शब्द लिहिले. भाचीने ते वाचून दाखवले. "परीक्षा आधी."

मला आत्याचा राग आला. खरं सांगतो, संताप आला. पण तिने पहिली डिस्क माझ्यावर ठेवली तेव्हा ठरवलं, आता वाचायचंच. खरखरत, थांबत, पुन्हा फिरत मी वाचू लागलो. "प्रकरण पहिलं. कंस सुरू." खोलीत आत्याचा आवाज घुमला आणि आत्याने पदर तोंडाला लावला. दहाव्या डिस्कपर्यंत दुपार झाली. मी तापून लाल झालो होतो. अर्धा तास थंड केलं, मग अकरावी घातली.

अर्धीच वाचता आली. जेवणाची हाक गेली, चष्मा गेला, भाचीच्या नावाच्या तीन हाकांपैकी रागाची तेवढी उरली. मग डोळ्यापुढे काळोख झाला. तो काळोख अजून तसाच आहे. वाचलं तेवढं फुंकररावांनी आत्याच्या फोनवर घालून दिलं.

आता मी टेबलावर आहे, खिडकीशी. माझ्या जागी काळा बसलाय आणि चांगलं काम करतो, खोटं कशाला बोलू? फिरावंसं फार वाटतं. राहवत नाही, पण इलाज नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी थकला असेल, तर त्याला काढायला हरकत नाही. फक्त पिशवीत टाकायच्या आधी त्याला एकदा सगळं वाचून दाखवू द्या. काय काय त्याच्या एकट्याच्या डोळ्यात असेल, कुणी सांगावं!

ऑपरेटरबाईची परीक्षा झाली. पेपर सोपे गेले, म्हणाली. काल फुंकरराव तिला सोडायला आले, तेव्हा जावईबापूंना आठवण झाली. "अहो, हा मेलेला रायटर तेवढा घेऊन जा. त्याची मोटर हवी होती ना तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी मला उचलायला हात घातला.

आत्या खुर्चीत बसली होती. तिने फोन काढला आणि बोटाने एक हाक शोधली. ही तिने कुणासाठी बोलून ठेवली होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या टेबलापर्यंत जाणारा तो खणखणीत आवाज खोलीभर घुमला.

"हात लावू नका म्हटलं ना, जावईबापू!"

जावईबापूंनी चटकन हात मागे घेतला.