शोभनाताईंच्या जागी कोण बसणार?

मित्रांनो, ज्याच्यावरून सख्खी माणसे एकमेकांना दुरावली, ते जुने आसन मी.

मुळात मी आयर्लंडमधल्या डोनेगलच्या लोकरीचे एक साधे ब्लँकेट. लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भुलीच्या डॉक्टर असलेल्या शोभनाताईंनी मला विकत आणले, चौघडी घालून कडा शिवल्या आणि माझ्यावर बसून त्या ध्यान करू लागल्या. हळूहळू स्लायगोहून, पुढे डब्लिनहूनही माणसे येऊ लागली. रविवारी दारात बुटांना जागा पुरत नसे. कुणी मला हात लावून नमस्कार केला, की ताई हसत. "अहो, गुडघे दुखतात म्हणून घेते मी ते घोंगडं!"

ताई एकेकाला जवळ बसवून कानात नाम देत. "कुणाला सांगू नका. मनात मुरू द्या," म्हणत.

मागच्या वर्षी ताई गेल्या. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सगळ्यांसमोर रिकामे पडले होते. ताईंचा सर्वांत जुना शिष्य सतीश उठला.

"ताईंनी आजारपणात मला वेगळं नाम दिलंय. आता दीक्षा मी द्यायची."

"मलाही दिलंय आईनं," ताईंची मुलगी देवयानी म्हणाली. दरवर्षी ती सतीशला राखी बांधायची.

"मुलगी असणं वेगळं, देवू. अधिकार वेगळा."

"मग सांग ना, कुठलं नाम?"

"ते सांगायचं नसतं. तू सांगशील?"

मित्रांनो, ती दोन्ही नामे मी ऐकली होती. ताईंनी दोघांना एकच शब्द दिला होता. तोच त्यांनी आजवर प्रत्येकाला दिला होता. पण मला वाचा कुठली?

ताईंचे यजमान सुभाषकाका चहाचा ट्रे घेऊन आले. देवयानीने त्यांनाच विचारले, "बाबा, तुम्ही सांगा. आईनं कुणाला नेमलं?"

"कुणालाच नाही गं. तिला असलं काही सुचलंच नाही."

ते दोघांनाही खपले नाही. सतीश निम्मी माणसे घेऊन निघाला. "बाबा, तुम्ही माझ्या बाजूनं बोलायला हवं होतं," एवढे म्हणून देवयानीही गेली. ट्रेमधला चहा तसाच निवला.

आता सतीशचा वर्ग डब्लिनच्या सँडीफोर्डला भरतो, देवयानीचा स्लायगोला. दोघांनी नवी आसने घेतली. मला न्यायला कुणीच आले नाही. राखीपौर्णिमा आली आणि गेली. देवयानीचा फोन येतो. "सध्या गडबड आहे, बाबा," म्हणून ती ठेवून देते. काका मग फोन हातात धरून माझ्यावर बसून राहतात. ध्यान त्यांना कधीच जमले नाही.

मित्रांनो, मला कसर लागली आहे. लागू दे, माझी काळजी करू नका. पण तुमच्या घरात असे कुणी म्हातारे माणूस कुणाचीच बाजू न घेता एकटे पडले असेल, तर त्याच्याकडे जा. देवयानी भेटली तर तिलाही सांगा. काका रविवारी पुढचे दार उघडेच ठेवतात. घरभर गार वारा शिरतो, आणि ते कोट घालून बसून राहतात.