दोन तासांनी एक कूस

मोठ्या सिस्टरला त्या वॉर्डात एकवीस वर्षं झाली होती. खाटा अठ्ठावीस, पेशंट कायम पस्तीसच्या घरात, आणि सकाळपाळीला नर्स तीन. कुणी रजेवर गेलं की दोन. "तीन म्हणजे चैन," असं ती नव्या मुलींना सांगायची. त्यांना वाटायचं सिस्टर गंमत करतायत. आठवड्याभरात कळायचं.

अकरा नंबरच्या खाटेवर शिंपीकाका होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं बोबडं, पण नजर अजून कारागिराची. पहिल्याच दिवशी त्यांनी सिस्टरच्या गणवेशाकडे बघून "खांदा उतरलाय" एवढं सांगायला चांगलं अर्धं मिनिट घेतलं होतं. काका अंगाने भरदार, आणि काकू मूठभर. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली नाही तर पाठीला जखम होईल, हे सिस्टरने काकूंना समजावलं होतं. दोघी मिळून त्यांना वळवायच्या. काकू दटावायच्या, जरा हलके व्हा की. काका अर्ध्या तोंडाने हसायचे. बारा दिवस पाठ स्वच्छ राहिली.

तेराव्या दिवशी सिस्टरला प्रशिक्षणाचं पत्र आलं. दोन दिवस, मुख्य इमारतीतला हॉल. विषय होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची त्वचा कशी जपावी. तिसरी नर्स आधीच आजारी होती, म्हणजे वॉर्डात एकटी धाकटी नर्स उरणार. सिस्टर मेट्रनकडे गेली. मेट्रन म्हणाल्या, प्रशिक्षणाचे तास भरले नाहीत तर तुझी नर्सिंगची नोंदणी अडेल. बदलीला कुणी द्या म्हटल्यावर त्यांनी ड्यूटीचा तक्ताच तिच्यापुढे सरकवला. एकही नाव मोकळं नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या, आणि तेच सिस्टरला जास्त लागलं. पेशंटला पूर्ण कुशीवर न झोपवता थोडं तिरकं ठेवायचं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यायची, आणि कधीही ओढायचं नाही, उचलायचं. ओढल्याने आतली कातडी फाटते. एकवीस वर्षांत हे तिला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. तिने बाहुल्यावर करून दाखवलं तेव्हा टाळ्या वाजल्या. जेवणाच्या सुटीत तिने वॉर्डात फोन लावला. धाकटी रडकुंडीला आली होती. एका पेशंटची धाप थांबत नव्हती, काकांना सकाळपासून एकदाच वळवलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन नुसताच वाजत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांना वळवलं. माकडहाडावरची कातडी सोलून निघाली होती, कडा काळवंडल्या होत्या.

"मी एकटीने पुष्कळ ओढलं हो, सिस्टर," काकू म्हणाल्या. "चादर सरकायची, हे नाही सरकायचे. माझं काही चुकलं का?"

कातडी कशाने फाटते हे सिस्टरला कालपरवाच शिकवलं होतं. "नाही काकू," ती म्हणाली, "तुमचं काहीच चुकलं नाही." आणि ड्रेसिंगचा ट्रे आणायला वळली, कारण काकूंकडे बघवत नव्हतं.

काकांच्या कूस बदलण्याच्या तक्त्यावर मात्र दोन्ही दिवस दर दोन तासांच्या चौकटीत बरोबरच्या खुणा होत्या. धाकटीने भीतीपोटी केल्या होत्या. सिस्टरने त्यांच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: नर्स एक, पेशंट पस्तीस, कूस बदलता आली नाही. आणि सही केली. तिला वाटलं, निदान हे वाचून कुणी माणूस देईल.

माणूस नाही, नोटीस आली, तीही धाकटीच्या नावाने, खोटी नोंद केल्याबद्दल. सिस्टर कचेरीत तीन वेळा जाऊन आली. नोटीस माझ्या नावाने काढा, वॉर्ड माझा आहे, असं तिने विनवून पाहिलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की खुणा ज्याने केल्या त्यालाच विचारावं लागतं. धाकटीने तिला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

जखम हाडापर्यंत गेली. सिस्टर आपल्या सुटीच्या दिवशीही येऊन ड्रेसिंग करायची, काकांना तिरकं ठेवायची, टाचांखाली मोकळं सोडायची. सगळं शिकवल्याबरहुकूम. काका कण्हायचे, गणवेशाबद्दल काही बोलेनासे झाले होते. मग ताप चढला, औषधं बदलली, तरी उतरेना. जखम दिसल्यापासून विसाव्या दिवशी दुपारी, काकू त्यांचं तोंड पुसत असतानाच ते गेले.

न्यायला आलेल्या भाच्याला काकूंनी सिस्टरची ओळख करून दिली. "या होत्या म्हणून एवढे दिवस निघाले," त्या म्हणाल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. सिस्टरला खरं काय ते सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर ओढण्याचंही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात चौदा नंबरवरून हाक आली, आणि तिने हात हळूच सोडवून घेतले.