गाण्यांमधली गडबड

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री आहे. तुम्ही म्हणाल, प्लॅस्टिकच्या डबीला कसली आलीय भीती! पण माझ्या पोटात एक पातळ पट्टी आहे आणि माझं सगळं आयुष्य तिच्यावर आहे. ती गेली की मी संपले.

मला विकत आणलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. दोन मुलांची आई. कपड्यांच्या ढिगातून वाट काढत त्या टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी नेऊन ठेवत, लाल बटण दाबत आणि मुलांकडे डोळे वटारून बघत. थोरली ठमी आणि धाकटा श्वास रोखून बसत. पण चार माणसांचं घर गप्प बसतं थोडंच? कात्री पडायची. धाकट्याला नेमकी तेव्हाच शिंक यायची. ते सगळं माझ्यावर उतरायचं.

होडीचं गाणं बाबांचं. ते छापखान्यातून दमून येत आणि हे गाणं लागलं की जेवताना ताटाच्या काठावर बोटांनी ठेका धरत. शिट्टीचं गाणं धाकट्याचं. समोरचे दात पडलेले, त्यामुळे शिट्टीऐवजी नुसती हवा निघायची. झोपाळ्याचं गाणं ठमीचं, कारण तिला गोवर आला होता तेव्हा आई तेच गुणगुणायची. प्रत्येक गाण्याआधी आई ते कोणाचं ते हळूच सांगायची, "हे यांचं हं. कोणी हललं तर बघा!"

मला मात्र त्या लाल बटणाची धास्ती. ते दाबलं की जुनं पुसून नवं भरतं. एकदा धाकट्याने स्वतःची कविता भरायला मला यंत्रात घातलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. आई धावत आली. तिने माझ्या पाठीवरचे दोन्ही छोटे तुकडे कात्रीच्या टोकाने मोडून टाकले. ते नसले की लाल बटण दाबलंच जात नाही.

"आता हिच्यावर काही भरायची कोणाची टाप नाही," ती म्हणाली. इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

पुढे नवी यंत्रं आली. मी आईच्या शिवणाच्या बटणांच्या खणात जाऊन पडले. आई गेली तेव्हाही मी तिथेच होते. दमट हवेने पट्टी चिकट होत होती आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मागच्या आठवड्यात ठमीने खण उघडला. तिचे केस पांढरे झालेत. ती मला कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये गाणी भरून देणाऱ्या दुकानात घेऊन गेली. दोन दिवसांनी ती आली तेव्हा दुकानदार खुशीत होता.

"ताई, ऐका. मधली सगळी गडबड काढून टाकली. गाणी एकदम नव्यासारखी!"

ठमीने होडीचं गाणं ऐकलं, शिट्टीचं ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"मधे एक बाई बोलत होत्या ना?"

"हो, ते कापलं. फार व्यत्यय येत होता."

"अहो, ती माझी आई. गाणी काय, कुठेही मिळतात. मी त्या बोलण्यासाठी आले होते."

दुकानदार खजील झाला. न कापलेलं त्याने ठेवलंच नव्हतं. "पुन्हा वाजवावी लागेल. पण पट्टी पार चिकट झालीय, ताई. तुटली तर?"

ठमीने मला त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "वाजवा."

मित्रांनो, मी पुन्हा यंत्रात गेले. यंत्राची चाकं फिरली. माझ्या अंगाची तपकिरी पूड झडत होती आणि दुकानदार ती कापसाने पुसत होता. पहिली बाजू निभावली. आई बोलली, धाकटा शिंकला. दुसरी बाजूही जवळजवळ संपली आणि अगदी शेवटी यंत्राने माझी पट्टी गिळली. करकर आवाज झाला. बाहेर आला तो चुरगळलेला गोळा.

"शेवटचं मिनिटभर गेलं, ताई," दुकानदार खालच्या आवाजात म्हणाला. "काय होतं त्यात?"

"माझं गाणं अर्धं लागलं आणि रेडिओ बंद पडला. मी भोकाड पसरलं होतं." ठमीने डोळे पुसले. "माइक आहे तुमच्याकडे?"

त्याने माइक पुढे केला. पन्नाशी उलटलेली ठमी आईच्या सुरात, अगदी हळू बोलली, "अगं, रडतेस काय वेडाबाई? लागेल परत. मी आहे ना."

दुकानदाराने ते शेवटी जोडलं. तिचं नाक ओढणंही त्याने कापलं नाही.

मी आता वाजत नाही. भीती अजून वाटते, पण माझ्यासाठी नाही, तुमच्या घरातल्या माझ्या बहिणींसाठी. मित्रांनो, जुनं काही साफ करायला घेतलंत, तर हात लावण्याआधी घरात एकदा विचारा, यातली गडबड कोणाची आहे?