नऊ वाजून दहा मिनिटं

बायको गेली त्याला आठ महिने झाले. तिचा कॉम्प्युटर उद्या मेहुण्याची मुलगी नेणार होती. तिला घरून परीक्षा द्यायची आहे. देण्याआधी सगळं ठीक आहे का ते पाहावं म्हणून मी संध्याकाळी तो सुरू केला.

मला त्यातलं एकच येतं, बायकोच्या फायलींची यादी उघडणं. मेहुण्यानंच दाखवलं होतं. यादीत सगळ्यात वर तिची शेवटची फाइल आणि तिच्यासमोर वेळ, नऊ वाजून दहा मिनिटं. त्या एका ओळीवर मी आठ महिने काढले.

त्या दिवशी सकाळी आमचं बिनसलं होतं. ती परदेशातल्या एका कंपनीचं टायपिंग घरून करायची. सहा वाजल्यापासून टकटक सुरू. माझी झोप मोडली म्हणून मी बोललो. ती म्हणाली, कानात बोळे घाला. मी चहा न घेता निघालो, तेव्हा पाठीमागून म्हणाली, "जा. तुमचा राग जेवणापर्यंतच टिकतो."

मी लेथवर काम करतो. कारखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. एकतीस वर्षं एकच्या ठोक्याला घरी जेवलो, दोनपर्यंत घरीच असायचो. त्या दिवशी तिचं बोलणं खोटं पाडायचं म्हणून गेलो नाही. बिस्किटांचा पुडा खाऊन मशीनपाशीच बसलो. संध्याकाळी सहाला दार उघडलं तर ती खुर्चीशेजारी जमिनीवर पडलेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. किती वाजता ते सांगता येणार नाही. जवळ कोणी असतं, लगेच आणलं असतं, तर कदाचित. तो 'कदाचित' घेऊन मी भिंतीला टेकून बसलो होतो. मेहुणा तिच्या कॉम्प्युटरपाशी गेला, बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "दाजी, ताईचं शेवटचं काम नऊ दहाचं आहे. अर्ध्या तासाला एक फाइल संपवायची ती. म्हणजे तुम्ही निघालात आणि थोड्याच वेळात गेली. दुपारी आला असतात तरी काही हाती नव्हतं."

सगळ्यांनी मान डोलावली. टेबलावर दोन ताटं पालथी मांडलेली होती. सकाळी नऊला कोणी ताटं मांडत नाही. मी मनाला सांगितलं, कामाला बसायचं म्हणून आधीच मांडली असतील.

तर आज साडेसहा वाजले होते आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात दोन दिसत होते. मी मेहुण्याच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, आत्यानं त्या कंपनीच्या देशाची वेळ लावली असेल, त्यांच्या घड्याळानं काम द्यायला सोपं पडतं. राहू द्या आतोबा, मी करीन. मी म्हटलं, माप चुकलेलं यंत्र मी कुणाच्या हाती देत नाही, तू सांग. हसली आणि सांगत गेली. घड्याळावर उजवं बटण दाबा. तारीख आणि वेळ. त्याखाली टाइम झोन, त्यात आपला निवडा. दोनाचे साडेसहा झाले. मला बरं वाटलं. फोन ठेवला.

मग शेवटचं एकदा पाहावं म्हणून यादी उघडली. वर तीच फाइल होती. समोर एक वाजून चाळीस मिनिटं.

वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. त्या दिवसाच्या फायली वाचत खाली गेलो. पहिली सकाळी साडेसहाची होती. माझी झोप मोडली ती. म्हणजे इतके दिवस ती रात्री दोनची दिसत असणार. मी कधी खाली बघितलंच नव्हतं. वरची ओळ वाचायचो आणि बंद करायचो.

फोन वाजला. मेहुणा होता. धापा टाकत होता.

"दाजी, पोरगी म्हणाली. कॉम्प्युटरला हात लावू नका, मी येतोय."

"झालं करून," मी म्हटलं.

मग मीच विचारलं,

"तुला त्या दिवशीच ठाऊक होतं?"

"कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं होतं मी. ताटंही पाहिली होती." तो म्हणाला. "बहीण तर गेलीच होती, दाजी. तुम्हीही जाल असं वाटलं."

मग म्हणाला, होतं तसं परत करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे, पोरगी तिचं बघून घेईल.

फोन कानाला धरूनच मी तसं केलं. साडेसहाचे दोन झाले. यादीत नऊ दहा आलं. त्याच्याकडे बघितलं, पण आता ते नुसते आकडे होते. मी पुन्हा आपली वेळ लावली.

"नको," मी म्हटलं. "तिला परीक्षेला बरोबर वेळ लागेल."

"दाजी, तुमचा काय दोष? रागात माणूस..."

"राग साडेबारालाच उतरला होता रे," मी म्हटलं.