खिडकीतली खडूची रेघ

मित्रांनो, खिडकीत तिरका ठेवलेला जुना रेडिओ म्हणजे मी. माझ्या पोटात तार गुंडाळलेली एक काळी कांडी आहे. तिची कूस केंद्राकडे असली की आवाज येतो. टोक वळले की तो विरतो. रात्री दूरची केंद्रे आकाशातून उसळी घेत कुणाकडेही पोहोचतात. भर दुपारी त्यांना जमिनीलगत यावे लागते आणि तोवर त्यांच्यात फारसा जीव उरत नाही. म्हणून मालकीणबाईंनी माझ्या जागेवर खडूची रेघ मारली होती. ती पुसायची घरात कुणाची छाती नव्हती.

दुपारच्या बातम्यांना बाईंचे शिवणयंत्र थांबे. त्या बातम्या त्यांची थोरली बहीण वाचत असे, खाडीपलीकडच्या शहरातून. आईच्या आजारपणात दोघींचे बिनसले, ते पुन्हा जुळलेच नाही. बहिणीची खुशाली बाईंना माझ्याकडूनच कळे. "आज खोकतेय," सुईत दोरा ओवत त्या म्हणत. "पाणी पी म्हणावं."

आणि एका दुपारी माझ्या तोंडून नुसती करकर निघाली. मी हादरलो. बाईंनी रेघ तपासली, सेल बदलले. त्यांच्या मुलाने मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. तिथे मी गावातले केंद्र खणखणीत वाजवले. तो म्हणाला, याला धाड भरलेली नाही. तिकडचेच काही बंद पडले असेल.

घरी आल्यावर मुलाकडून ते ऐकून बाईंनी शिवणयंत्रावर झाकण घातले. बहीण आता साठीची होती; तिचेच काही बरेवाईट झाले असेल, असे त्यांच्या मनाने घेतले.

"फोन लाव की," मुलगा म्हणाला.

"आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

त्यानंतर रोज त्या करकरच ऐकत बसत. माझ्याच तोंडून त्यांना ही बातमी मिळावी, याने मी आतून गोठलो होतो.

एके दिवशी बातम्यांच्या वेळेला वीज गेली. करकर कापल्यासारखी थांबली आणि खोलीत बहीण बोलू लागली. स्वच्छ, जवळून. मध्येच खोकली. बाईंच्या हातातली कात्री खाली पडली.

वीज येताच करकर परतली. मुलाने भिंतीकडे पाहिले. त्याने हौसेने आणलेला नवा चार्जर माझ्या शेजारीच खोचलेला होता. त्याने तो उपटला. आवाज परत आला.

बातम्या संपल्यावर बाईंनी फोन लावला. पलीकडून "कोण?" आले.

"ताई," त्या म्हणाल्या, "आधी पाणी पी."

मित्रांनो, दूरचा आवाज येईनासा झाला, तर तो गेला असे लगेच समजू नका. आधी आपल्या घरातली करकर बंद करून पाहा.