सरफराजने दिलेली सुई

"मले नाही जमत, सिस्टर. सही कुठं करू ते सांगा, पोरीले घेऊन जातो."

सरफराजने सुई ट्रेमध्ये परत ठेवली. धामणगावचा हा गादीवाला दिवसभर वीतभर लांब सुईने गाद्या शिवायचा. पण स्वतःच्या सहा वर्षांच्या तुबाला टोचायची वेळ आली की हात मागे घ्यायचा. मुलीला साखरेचा आजार निघाला होता. इन्शुलिन जन्मभर लागणार होतं, आणि तिची आई नगमा घरी ओली बाळंतीण. गावातला एक जण जडीबुटीच्या पुडीने आजार जातो म्हणत होता, तेच सरफराजच्या डोक्यात होतं.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी अशा मुलांच्या आईबापांची बैठक भरायची. ती चालवायचा सहदेव, बडनेऱ्याजवळचा झेंडूचा शेतकरी. आजही वॉर्डातच जमलेल्या बायकांमधून उठून तो खाटेपाशी आला.

"पुडीच्या नादात सुई बंद केली तर पोरगी हातची जाईन, भाऊ."

"तुमाले बोलाले काय जाते? तुमची पोरगी असती म्हंजे..."

"आहे ना. प्रतीक्षा. यंदा दहावीत आहे. तिले निघालं तवा तुबाएवढीच होती." सहदेव खाटेवर टेकला. "मी पंधरा दिवस घरामागच्या मळ्यातच बसलो. सुई बायकोच देत होती. पोरीचं रडणं ऐकू येऊ नाही म्हणून मी मोटर चालू करून ठेवो. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली का सारं ऐकू ये."

सरफराजने मान वर केली. "मंग?"

"मंग एक दिवस पोरगीच बांधावर आली. म्हणे, बाबा, तुमी माह्यावर नाराज हाय काय?"

मग सहदेवने बाही वर सारली. "सिस्टर, नवी सुई द्या, साध्या सलाइनची. हं भाऊ, मले टोच."

पहिली तिरपी गेली. सहदेव कळवळला. "आणखी एक डाव." दुसरी बरी गेली. तिसरी सरळ गेली, आणि तुबा खुदकन हसली.

सिस्टरने इन्शुलिन भरून दिलं. सरफराजने मुलीच्या मांडीची चिमूट धरली.

"अब्बू, आँख बंद करूँ?"

"नको बेटा. देख."

सुई आत गेली. तो मोठ्याने दहापर्यंत मोजू लागला. चारावर त्याला रडू फुटलं, तेव्हा बैठकीतल्या बायांनी पुढचे आकडे उचलले. दहा!

"हो गया? अब खाना?" तुबाने विचारलं, आणि सगळा वॉर्ड हसला.

दुपारी दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवर सरफराज उभा होता. घराशेजारच्या दुकानात फोन लावून त्याने नगमाला बोलावून घेतलं होतं. काचेबाहेर तुबा पायरीवर बसून पोळी खात होती.

"हाँ, मैंने दी. अपने हाथ से," तो सांगत होता. "नहीं, वो नहीं रोई. मैं रोया थोड़ा."